दाखल क्रमांक

सुरमईच्या थर्माकोलच्या खोक्यांतून
रिक्षाने आली पुस्तकं. सदतीस.
सोलकरांची सून म्हणाली,
"अब्बांनी सांगून ठेवलं होतं,
वाळवीच्या आधी वाचनालयात पोचती करा."

मी रजिस्टर उघडलं.
देणगीदार: गुलाम दस्तगीर सोलकर, जैतापूर.
हुद्दा: सारंग, मालवाहू जहाज, निवृत्त.
विषय: अमेरिकेचा इतिहास,
गुलामीचा अंत, तिथली गाणीबजावणी.
एका ओळीवर दोनदा तोच शब्द आला
आणि पेन थांबलं.

गणपतीच्या जागरणाला आम्ही गुलामचोर खेळायचो.
सगळे पत्ते उतरल्यावर
ज्याच्या हातात गुलाम उरला, तो चोर.
या सदतीस पुस्तकांत तेवढंच लिहिलंय,
जरा लांबवून.

पेपर वाचायला यायचे तेव्हा एकदा मी नाव विचारलं होतं.
म्हणाले, "दस्तगीर म्हणजे हात धरणारा.
मी हात धरणाऱ्याचा गुलाम.
हात बांधणाऱ्याचा नाही.
आता तो संपादकीयाचा कागद द्या इकडे."

समासात त्यांची पेन्सिल, बारीक, भरती-ओहोटीच्या तक्त्यासारखी.
गॅल्व्हेस्टन बंदराच्या पानावर:
"इथून गहू भरला. सहासष्ट साल.
तांबडा, आपल्या रेशनवरचा. उकाडा घरच्यासारखा."
त्याखाली:
"सुटलात, ही खबर इथे अडीच वर्षांनी आली.
खबरीला पाय नव्हते,
का कुणी धरून ठेवले होते?"

खोती कायद्यानं गेली
तरी माझे आजोबा, सोनू घाडी,
हंगामाचा पहिला फणस आणि दोन कोंबड्या
आणखी सहा वर्षं वरच्या आळीला पोचवत राहिले.
गावात वर्तमानपत्र एकाच घरी यायचं.
खोताच्या.

गाण्यांच्या पुस्तकात म्हटलंय,
त्यांचा एक सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये राहतो.
डबलबारीचे अंकुश बुवा गोंद न्यायला आले होते,
त्यांना वाचून दाखवलं.
बुवांनी हवेतच पेटीवर बोटं ठेवली, एक, मग शेजारचं,
आणि मान हलवली.
"पेटीत नाय गावायचा. गळ्यात गावंल."
मग डोळे मिटून शोधू लागले,
आणि जो सापडला तो
रापण ओढताना पहिला माणूस टाकतो, त्या हाकेतला होता;
बाकीचे ज्याला खांद्यानं उत्तर देतात.
खिडकीतून खाडी दिसत होती. तिथे कुणीच ओढत नव्हतं.

इतिहासाचं कपाट दाराशी,
संगीताचं जिन्याखाली, कीर्तनाच्या पोथ्यांजवळ.
नियमानं या पुस्तकांची ताटातूट व्हायला हवी.
मी ती एकाच फळीवर लावली
आणि तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी
एक कारण तयार करून ठेवलं,
जागेची अडचण.

मग चिकटवल्या तारखेच्या चिठ्ठ्या.
उशिराचा दंड रोजचे पन्नास पैसे.
अडीच वर्षं म्हणजे चारशे छपन्न रुपये,
आजोबांची सहा वर्षं वेगळी,
फणस आणि कोंबड्या वेगळ्या.
पावती कुणाच्या नावे फाडायची
हे रजिस्टरात कुठेच लिहिलेलं नाही.

साडेसहाला कुलूप लावताना
घाटकराचा मुलगा धापा टाकत आला.
"ती जहाजवाल्याची आलीत ना?"
दिवा पुन्हा लावला.