पाचव्या दिवसाचं पाणी

डॉक्टर नाव सांगत नाहीत.
सात रस्त्याजवळचा दवाखाना, पंखा कुरकुरतो,
ते पेनाचं टोपण लावतात, काढतात,
म्हणतात, अठरा पूर्ण होऊ देत, तोवर
असल्या गोष्टीवर शिक्का मारत नाही आम्ही.
कदाचित तेच असेल. कदाचित वयच असेल.
मी फाईलच्या कोपऱ्यात ‘कदाचित’ लिहून घेते,
गोळीचं नाव असावं तसं.

लावण्या सोळाची.
सकाळी पाठीला चिकटून: अम्मा, आज कंपनीत जाऊ नको.
दुपारपर्यंत एकेचाळीस मेसेज.
संध्याकाळी दार उघडते ते ‘ओ बाई’ म्हणत,
आणि माझा डबा, शेंगाचटणीसकट, जिन्यावरून खाली.
मध्ये काय झालं?
मी फोन उचलायला चार मिनिटं उशीर केला.

अक्कलकोट रोडला मी टॉवेल तपासते, बावीस वर्षं.
सुटलेला धागा आधी बोटाला कळतो, मग डोळ्याला.
घरी हात लावावा तिथं उसवतं,
की मीच उसवते?
कात्री आता कंपनीतच ठेवून येते.
व्यंकटेशनं न्हाणीची कडी काढली, भोकांत साबण भरला.
का, ते मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.

नणंद म्हणते, नाटकं आहेत.
शेजारीण म्हणाली दृष्ट काढ, तीही काढली.
गॅसवर मीठ-मिरच्या तडतडल्या, ठसका कुणालाच लागला नाही,
म्हणजे होतीच, असं शेजारीण म्हणाली.
लावण्या हसली. कितीतरी दिवसांनी. मलाही हसू फुटलं.
आणि तेवढ्यात: मी वेडी वाटते ना तुला?

काल पाचव्या दिवशी पाणी आलं, रात्री अडीचला.
मोटार लावली, पाईप ड्रममध्ये सोडला,
भिंतीला टेकले ती डुलकीच लागली.
जाग आली तेव्हा पाईप तिच्या हातात.
केस विस्कटलेले, बाह्या मनगटापर्यंत, या उन्हाळ्यात.
दमलीस का, अम्मा?
मी शब्द तोलला. हल्ली पाणी मागतानाही तोलते.
मग म्हटलं, हो.
काही पडलं नाही. काही फुटलं नाही.
ती नुसती कान देऊन उभी.
ड्रम भरत आला की पाण्याचा आवाज बारीक होतो म्हणे,
मला तो कधी कळलाच नाही, दर खेपेला अंगण भिजतं.
काठाला चार बोटं उरली असताना
तिनं पाईप उचलला
आणि घागरीत सोडला.