शेळीची पावती

पिंजरा उतरवला तेव्हा मखमलाबादेत दिवेलागण झाली होती.
कालव्याकाठची सात मजली इमारत, मागे द्राक्षबाग,
मधल्या कुंपणाचा एक पत्रा वाकलेला.
त्याची वाट हीच, वॉचमन म्हणाला.
बॉल आणायला पोरंही इथूनच जातात, हे त्याने हळू सांगितलं.

बुधवारी लिफ्टसमोरून तेरकरांचा टफी गेला.
कॅमेऱ्यात सात सेकंद. तेरकर ते सगळ्यांना दाखवतात
आणि स्वतः बघत नाहीत.

मी रोजंदारीवरचा. खाकी शर्ट घातला की लोक साहेब म्हणतात,
मग शिव्याही साहेबालाच देतात.
समजावत होतो: शेळी मागच्या कप्प्यात असते, मधे जाळी,
तिच्या केसालाही धक्का लागत नाही.
"हे तिला सांगितलंय का?" संकलेचा आजोबा म्हणाले.
त्यावरून पार्किंगमध्ये जुंपलं ते साडेअकरापर्यंत.
धरा आणि लांब सोडा.
लांब म्हणजे कुणाच्या दारात?
मेंटेनन्समध्ये शेळीचं भाडं बसत नाही.
बागवाले पुंजाजी काकड खुर्ची असून उभेच होते:
"नऊ वर्षं तो माझ्या बांधावरून पाण्याला जातो.
तुमचे फ्लॅट विकले गेले, तेव्हा तो बिबट्या झाला."
जमीन तुम्हीच विकलीत ना, मागून कुणीतरी.
काकड बसले.

शेळी ठकूबाई बेंडकोळीची, बागेपलीकडच्या वस्तीवरची.
तिची दोन करडं आषाढात गेली,
तेव्हा पिंजरा सिन्नरला होता.
ती भांडली नाही. पावती मागितली.
पंचनाम्याच्या पाठकोऱ्या कागदावर मी लिहिलं:
शेळी एक, काळी, डावा कान चिरलेला, दुभती.
"दुभती"खाली तिने रेघ मारायला लावली.

पहिल्या रात्री शेळी ओरडली.
सगळ्या मजल्यांवर खिडक्या सरकल्याचे आवाज आले.
दुसऱ्या रात्री कमी. तिसऱ्या रात्री नाहीच.
चौथ्या पहाटे ओल्या मातीत ठसे:
पिंजऱ्याभोवती एक फेरी,
मग जाळीला लागून तो बसला होता ती जागा,
गवत अजून दबलेलं.
दार उघडंच. आत शिरला नाही.

ठकूबाईने तिथेच गेटपाशी उकिडवं बसून
कास चाचपली. एकदा. परत एकदा.
मग मला पातेलं दाखवलं.

म्हसरूळहून फोन आलाय, पिंजरा गाडीत चढवतोय.
फॉर्मवर नुकसानीच्या रकान्यात
साहेबांनी सांगितल्याप्रमाणे
निरंक लिहिलं.
पावती अजून तिच्याकडेच आहे.
मागितली, तर कनवटीला खोचून
ती शेळीला घेऊन बांधाने निघून गेली.