मुरूम

गिरणाऱ्याच्या पुढे, टोमॅटोच्या क्रेटांची थप्पी संपते तिथं
डांबर हात वर करतं:
पुढचं तुमचं तुम्ही बघा.

मी उतरते. दोन्ही चाकांतली हवा थोडी सोडते.
फुस्स.
टणक टायर इथं चालत नाही,
दगडाशी वाद घालतो आणि आपटी खातो.
जरा मऊ हवं चाक,
खड्याला खडा म्हणून कबूल करणारं.

तीन वर्षांपूर्वी पाथर्डी फाट्यावर
एका टेम्पोच्या आरशानं माझा खांदा नेला.
हाड जुळलं. डॉक्टर म्हणाले, छान जुळलं.
मान मात्र तिथंच राहिली, फाट्यावर.
दर वीस पॅडलला मागं वळायची.
ओट्याशी भेंडी चिरतानाही वळायची.
नवरा पाण्याचा ग्लास घ्यायला मागून आला
की मी डाव्या कडेला सरकायचे,
आणि तो बिचारा
हॉर्न न वाजवता थांबून राहायचा.

इथं मागं काय आहे?
धूळ आहे, माझीच.
ती सागाच्या पानांवर सावकाश बसते,
तिलाही कुठं पोचायचं नाही.
डावीकडं काश्यपी, मार्गशीर्षातली,
वाळलेल्या गवतामधून दिसते, लपते,
कापलेल्या नागलीची खुंटं उतारावर,
खुरासणी काढून झाली, बांधावर
चार पिवळी फुलं कुणाच्या नजरेतून सुटलेली.
उंबराखालच्या सावलीत शिरलं की
हँडलवरची बोटं एकदम गार.

मुरूम बोलतो.
चढाला कचकच, उताराला सरसर,
वळणावर घसा खाकरतो आधी,
मग मागचं चाक किंचित बाजूला नेऊन
परत आणून ठेवतो.
ब्रेक दाबायचा नाही. हे शिकायला
मला एक पावसाळा आणि दोन्ही गुडघे लागले.

वाघेऱ्याच्या अंगाचा चढ.
सगळ्यात छोटा गिअर, मांडीत जाळ,
मान खाली, समोर फक्त तीन हात जमीन:
लाल खडा, काळा खडा,
शेळीच्या लेंड्या, करवंदीची मुळी, लाल खडा.
सातभाईंचं टोळकं शेजारून
उड्या मारत मला मागं टाकून गेलं,
आणि वर बसून माझ्यावर चर्चा केली.

फरशीजवळ बाभळीनं गाठलंच.
ट्यूब काढली, कान लावला,
भोक काही सापडेना.
पाण्यात एक म्हातारा दगडाखाली हात घालून बसला होता,
भिवा लिलके, खेकड्यांच्या मागावर.
मान न वळवता म्हणाला,
‘पाण्यात धर की. नदीला इचार.’

धरली.
एक बारीक बुडबुडा आला, मग दुसरा,
तळाशी बसून कुणी सावकाश मोजतंय जसं.
‘हितं हाय. बोट हलवू नको.’
पॅच चिकटेपर्यंत तो शेजारच्या दगडावर
बिडी न पेटवता बसला.

‘एकलीच?’
‘एकटीच.’
‘मागं कोन न्हाय?’

तेव्हा कळलं,
धरण सोडल्यापासून मी मागं पाहिलंच नव्हतं.
आता पाहिलं, त्यानं विचारलं म्हणून.
पांदीत ऊन, चाकाची एक बारीक रेघ,
ती ओलांडून जाणारी मुंग्यांची दुसरी.
‘नाही,’ म्हटलं. ‘कोणी नाही.’
बऱ्याच दिवसांनी हे वाक्य
मी आवाज न चढवता म्हणाले.

निघताना त्यानं पळसाच्या पानांत
दोन खेकडे बांधले, वाखाची गाठ मारली,
माझ्या जर्सीच्या पाठीमागच्या खिशात कोंबले.
मी नको नको म्हणेस्तोवर
पुन्हा दगडाखाली हात.

उतारभर पाठीवर काहीतरी हलत होतं.
चिमटे उघडत होतं, मिटत होतं,
पानं कुरकुरत होती अगदी मणक्याशी.
गिरणारं येईपर्यंत,
क्रेटांची थप्पी दिसेपर्यंत,
पहिल्या ट्रॅक्टरनं मागून हॉर्न दिला
तोपर्यंत

मी वळले नाही.