रकाना सतरा

कोर्टहाउसच्या तळघरात, बॉयलरच्या शेजारी माझी खिडकी.
जन्म डावीकडच्या कपाटात, मृत्यू उजवीकडच्या,
लग्नं मधल्या खणात, तो जरा अडकतो.

ऑर्व्हिल ब्रेकहस आला तेव्हा बाहेर उणे चोवीस होतं.
भुवयांवरचा बर्फ वितळून फॉर्मवर टपकला,
मी दुसरा फॉर्म दिला.
मृत व्यक्तीचं पूर्ण नाव. तारीख. तुमचं नातं.
नात्यापाशी तो थांबला. सगळेच थांबतात.
"नवरा लिहू, की नवरा होतो असं लिहू?"
नवरा. तेवढं पुरे.
सही माझ्यासमोर करा. ओळखपत्र दाखवा.
(ओळखपत्र! त्याच्या बिटाच्या शेतात मी दोन उन्हाळे राबलेय.
पण नियम आहे. फोटोशी चेहरा ताडून पाहिला मी.)

किती प्रती?
हे कुणाला सुचत नाही, म्हणून मीच सांगते:
बँकेला एक, विम्याला एक, पेन्शनला, गाडीच्या कागदांना,
जमिनीला, फोन कंपनीलासुद्धा.
झेरॉक्स चालत नाही,
बोटाला लागेल असा उठावाचा शिक्का हवा.
पहिलीला तेरा डॉलर, पुढच्या सहा-सहा.
त्याने डझनभर घेतल्या, अंडी घ्यावीत तशा.

मार्चमध्ये परत आला. अकरा घेऊन.
"विमावाल्यांनी ठेवून घेतली.
बाकीच्यांनी पाहिली, परत दिली.
फोनवाल्यांनी मागितलीच नाही, नुसतं सॉरी म्हणाले
आणि पुढचं बिल धाडलं, तिच्याच नावाने.
तुम्ही परत घेता का?"

नाही, ऑर्व्हिल. परत घेत नाही.

"पैशांसाठी नाही विचारत."
त्याने बोट ठेवलं रकाना सतरावर.
नेहमीचा व्यवसाय: गृहिणी.
"सव्वीस वर्षं बस चालवली व्हर्नाने. शाळेची. नऊ नंबर."

मला सांगतोय!
माझी दोन्ही पोरं त्याच बसमध्ये वाढली.
त्या हिमवादळात तिनेच बस वळवली चर्चकडे,
एकोणीस पोरांना डब्यातले पीच खाऊ घालत रात्र काढली,
आणि सकाळी प्रत्येकाला त्याच्या त्याच्या दारात उतरवलं.

मग हे गृहिणी कुणी सांगितलं?

त्याने टोपी काढली. परत घातली.
"मीच.
फ्युनरल होमचा पोरगा वही घेऊन बसला होता.
जन्मगाव विचारलं, तिच्या आईचं माहेरचं नाव विचारलं,
सगळं बरोबर सांगितलं मी.
मग म्हणाला, त्या काय करायच्या?
आणि तोंडातून निघून गेलं,
घरीच असायची."

दुरुस्तीचा फॉर्म वेगळा असतो.
नोटरी लागते (ती मीच),
आणि पुरावा, किमान पाच वर्षं जुना.
गुरुवारी त्याने बुटांचा खोका आणला:
मुदत संपलेलं लायसन्स, पगाराची एक पावती,
आणि खडूने काढलेली पिवळी बस,
ड्रायव्हरचं डोकं बसपेक्षा मोठं.
"हे चालेल?"
पावती चालली. चित्र मी परत दिलं.
पुराव्यांच्या यादीत चित्र नाही.
यादी मी दोनदा वाचली.

एप्रिल संपता संपता राजधानीहून उत्तर आलं.
स्कूल बस चालक.
किती प्रती?
"एक."
शाई ओली असल्यासारखी त्याने फुंकर घातली कागदावर.
माझ्या खिडकीतून फक्त टायर दिसतात.
त्याच्या ट्रकचे बराच वेळ हलले नाहीत,
इंजिन मात्र चालू होतं.

जुन्या अकरा मी यंत्रात घातल्या.
शिक्का आला की ते दर वेळी किंचित अडखळायचं.

रात्री नवऱ्याला विचारलं,
उद्या कुणी विचारलं, मी काय करायचे, तर काय सांगशील?
हॉकी चालू होती, दोन-दोन.
"तू?" नजर न काढता म्हणाला, "ऑफिसात असतेस की."

मी टीव्ही बंद केला.
म्हटलं, पेन घे.