एकतिसावी चकती

मोडणं हेच माझं काम.
साडेआठला कोट चढवते.
खिडकीबाहेर दौगावा गोठलेली,
बर्फाला भोकं पाडून गळ टाकून बसलेले म्हातारे,
आणि ट्रेमध्ये तीस पांढऱ्या चकत्या, बटणाएवढ्या.

एकाच पिठाच्या, एकाच भट्टीच्या.
यांच्या बहिणींपैकी काही जातील विजेच्या मोटारींत
पाठीवर तांब्याचे पट्टे घेऊन,
काही दाढांवर.
पिठाला त्याचं काही नाही.
वीज अडवायची की पाव चावायचा
हे नंतर कुणीतरी ठरवतं.

शेजारच्या खोलीत रेनार्स त्यांना तेलात बुडवून
वीज सोडतो. दहा हजार व्होल्ट, बारा, साडेबारा.
मग एकदाच चट्ट,
आणि चकतीत सुईच्या टोकाएवढं भोक.
दिव्यासमोर धरून म्हणतो, "गेली."
बस चुकल्याचंही तो अशाच आवाजात सांगतो.

माझ्याकडे चावणारं यंत्र आहे.
बारा लाख चावे. पाच वर्षांचं खाणं म्हणतात,
कोण किती खातं ते न विचारता.
मध्येच पाच अंश, मध्येच पंचावन्न:
आइस्क्रीम, लगेच वाफाळता चहा.
बनावट लाळेत ते रात्रंदिवस चावत राहतं.
ना भूक, ना चव, ना जेवताना कुणाची उणीदुणी.

वडील रेडिओच्या कारखान्यात होते.
तालिवाल्दिस, चौथं टेबल, चिनीमातीचे इन्सुलेटर.
नखाने टिचकी मारायची, कान लावायचा.
खणखणीत वाजला तर डावीकडे,
बद्द वाजला तर डब्यात.
पुढचे चार दात पोलादी, तेव्हाच्या सरकारी दवाखान्यातले,
हसू यायच्या आधी चमकायचे.
म्हटलं, नवे बसवून देते.
म्हणाले, "माझी काय कपबशी करतेस?"
आपलेच दात, आपलेच ओठ.
विषय तिथे राहिला. पुढच्या नाताळला ते नव्हते.

आता टिचकी मारायला इवलासा हातोडा आहे,
ऐकायला मायक्रोफोन,
पडद्यावर आकडा, दशांशाच्या तीन घरांपर्यंत.
एकोणिसावी मला बद्द वाटली.
आकडा म्हणाला, ठीक.
वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक टिंब दिलं,
कुणाला बोलले नाही,
तिला शेवटी ठेवली.

तीन गोळ्यांवर चकती, वरून दांडा.
भार चढतो. काहीच होत नाही,
काहीच होत नाही,
आणि मग होऊन गेलेलं असतं.
पोलाद आधी वाकतं, लाकूड आधी करकरतं,
ही मंडळी आधी काही सांगत नाहीत.
तुकडे जुळवून भिंगाखाली मी सुरुवात शोधते:
एखादी पोकळी, केसाच्या दहाव्या हिश्शाएवढी,
भट्टीत जायच्या आधीपासूनची.
उरलेली सगळी चकती निर्दोष असते.
त्याने काही फरक पडत नाही.

एकोणिसावी सगळ्यांत जास्त टिकली.
मी आकड्याकडे बघत राहिले, थोडी शरमून.
मग सुचलं,
त्यांच्या डब्यातले इन्सुलेटर
कधी कुणी मोडून पाहिलेच नव्हते.

अहवालात लिहिते: तिसांपैकी तीस मोडल्या.
सरासरी, विखुरण, खालची हद्द, सही.
या तिसांच्या भरवशावर एकतिसावी
कुणाच्या तरी तोंडात जाईल,
भार न सोसता, न मोडता.

एक माझ्याही तोंडात आहे. उजवीकडे, खाली, मागची.
याच पिठाची, मार्चमधल्या भट्टीची.
झिग्रीदाबाई ती बसवताना म्हणाल्या होत्या,
झोपेत दात खाता तुम्ही.
कुणावर, ते त्यांनी विचारलं नाही.

संध्याकाळी बस पुलावर अडकते.
खाली म्हातारे बादल्या, स्टुलं आवरत असतात.
मी हातमोजा काढते, तोंडात बोट घालते,
नखाने टिचकी मारते.
बाहेर काही ऐकू येत नाही.
आत, जबड्याच्या हाडातून, येतं.
समोरची बाई मान वळवून बघते.
मी पुन्हा मारते.