ठिपका

जालन्यात, मोंढ्याच्या मागं, सरकीच्या गोदामात
महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आमचा पडदा लागतो.
पडदा म्हणजे मांजरपाटाचे दोन पट्टे,
रऊफ टेलरनं मधोमध जोडलेले.
पन्हा लहान, भिंत मोठी, तो म्हणाला,
मी तरी काय करू?

तेव्हापासून जगातल्या सगळ्या सिनेमांना
मधोमध एक शिवण आहे.
बर्फावर. बंदरावर.
कुठल्याशा देशातली एक बाई
सात मिनिटं वाटाणे सोलत बसली होती, मुकी,
तिचा हात शिवणीपाशी आला की
किंचित तुटायचा
आणि पलीकडे जाऊन जुळायचा.

वर्गणी साठ रुपये, सभासद एकोणीस.
अकरा येतात. सात जागे राहतात.
पोत्यांवर बसतो आम्ही.
घरी गेल्यावर कपड्यांना सरकीचा वास येतो
आणि बायको विचारते, कोणता होता आज?
सांगता येत नाही.
एक माणूस होता, म्हणतो मी. तो वाट बघत होता.
मग? मग काय, बघत होता.

खालची अक्षरं वाचून दाखवतात घुगेबाई,
शाळेतून निवृत्त, आवाज अजून हजेरी घेणारा.
इंग्रजी वाचतात, मराठी बोलतात.
पॅरिसातला खुनी म्हणतो, "कामून आलास इथं?"
जपानातली म्हातारी म्हणते, "बस की जरा, माय."
आम्हाला यात काही वावगं वाटत नाही.
म्हातारी तसंच म्हणाली असणार.

आणि वजीरचाचा.
चौतीस वर्षं टॉकीजच्या केबिनमध्ये,
दोन मशिनींच्या मध्ये, कार्बनच्या उजेडात भाजलेले.
टॉकीजचं मंगल कार्यालय झालं,
चाचा आमच्याकडे आले, खुर्ची घेऊन, स्वतःची.
पेन ड्राइव्ह हातात धरून म्हणाले,
इसको तो बू भी नहीं है.

जुन्या सिनेमात, रीळ संपत आलं की
वर उजव्या कोपऱ्यात एक ठिपका येतो.
तुम्ही पाहिला नसेल. आम्हीही नव्हता पाहिला.
चाचा उठायचे.
पहिल्या ठिपक्याला मोटार, दुसऱ्याला शटर.
हात हवेत जायचा, काहीतरी ओढायचा,
मग इकडंतिकडं बघून खाली बसायचे.
कोणी हसलं नाही. एकदा मी हसलो होतो.

दोन वर्षांपूर्वी त्यांना दिसेनासं झालं.
ऑपरेशन झालं, पण उशीर झाला होता.
तरी येतात, नातू सोडून जातो.
पडद्याकडे तोंड करून बसतात, ताठ.
आणि घुगेबाई, ज्यांनी आयुष्यात
धड्याबाहेरचा शब्द मुलांना वाचू दिला नाही,
त्या संवादाच्या मध्येच, त्याच सुरात वाचतात:
"मी तुला कधी विसरलो नाही, ठिपका,
पण आता गाडीची वेळ झाली."
चाचा उठतात. ओढतात. बसतात.
गाडी निघते.

परवा प्रल्हाद डोईफोड्याचा सिनेमा लावला.
बावीस मिनिटं, मोबाइलवर काढलेला,
त्याची आई शेडमध्ये मोसंबी निवडते आहे.
लहान, मोठी, डागाची.
आई आली होती, नवं लुगडं नेसून,
पदर तोंडाशी धरून म्हणाली,
मी मधीच उसवले का रे?
नाही आई, तो पडदा आहे.
बरं, म्हणाली, आणि पुढं स्वतःकडं बघत राहिली
जसं शेजारणीकडं बघावं.

मोबाइलच्या सिनेमाला रीळ नसतं.
वाचायलाही काही नव्हतं, म्हणून घुगेबाई गप्प होत्या.
बहुतेक अकराव्या मिनिटाला
टोपलीवरून हात वर गेला, आणि तिथं,
उजव्या कोपऱ्यात,
एक ठिपका.
जरा मोठाच. हातानं काढल्यासारखा, वाकडा.

बाईंचा आवाज फुटेना.
आम्ही सगळे वळून प्रल्हादकडे बघितलं,
तो दाराशी उभा, चपला शोधत असल्यासारखा.
शेवटी त्याची आईच बोलली,
तिला काय माहीत, ती आपली साधं म्हणाली,
ते वर काय आलं गं, काळं?

मागं खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.