साताचा तुटका पाय

नाना पेठेत, टायरवाल्यांच्या गल्लीच्या टोकाला
लतीफ अत्तारच्या गॅरेजात ती उभी आहे
विटांवर. मस्टँग, सदुसष्ट सालची.
रंग म्हणाल तर तीन,
नखाने खरवडलं की एकाखाली एक:
लाल, मग कुणाच्या तरी लग्नापुरता पांढरा,
तळाशी शेवाळी, तो बहुधा तिचा स्वतःचा.

मला बोलावलंय ‘खरी आहे’ असं लिहून द्यायला.
घेणारा बाणेरचा. सकाळपासून दोनदा फोन.
मॅडम, नंबर मॅचिंग हवेत.
म्हणजे चासी आणि इंजिन एकाच घरात जन्मलेलं हवं,
पत्रिका बघतात तसं.

इंजिन जुळत नाही, हे लतीफ आधीच सांगून मोकळा.
पेट्रोल महागलं तेव्हा कॅम्पातल्या भेसानियांनी
आठ सिलिंडरचं धूड उतरवून
मॅटॅडोरचं डिझेल बसवलं.
नऊ वर्षं ही टेम्पोच्या आवाजात
ईस्ट स्ट्रीटवरून जायची
आणि लोक तरीही वळून बघायचे.
मूळचं इंजिन उरुळीकडे कुणाच्या विहिरीवर
पाणी उपसत होतं म्हणे.
‘होतं म्हणे’ला माझ्या फॉर्मात रकाना नाही.

मी बॉनेट उचलते. डाव्या पत्र्यावर अकरा खुणा.
टॉर्च तिरपा धरायचा,
समोरून धरला तर सगळंच सपाट दिसतं.
पहिला सात, म्हणजे साल.
मग आर, म्हणजे सॅन होजेचा कारखाना,
जिथे जेवणाच्या सुट्टीआधी घाईघाईत
कुणीतरी हा पत्रा पुढे सरकवला असेल.
पुढे एस, म्हणजे मोठं इंजिन, तीनशे नव्वद.
म्हणजे बिल्ले खोटे नाहीत.
म्हणजे भाव दुप्पट.

पण शेवटचे तीन आकडे नंतरचे आहेत.
पत्रा गंजून गेला होता, तिथे ठिगळ,
ठिगळावर हाताने पाडलेले: चार, एक, सात.

त्या साताचा पाय तुटका आहे.

हा सात मी ओळखते.
बाबा आकुर्डीला स्कूटरच्या कारखान्यात नंबर पाडायचे,
सत्तावीस वर्षं, एक घाव एक आकडा.
डावा कान त्यातच गेला.
बाद झालेले पंच घरी यायचे
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून,
आणि आम्ही बहिणी ते आईच्या पोळ्यांवर दाबायचो.
तव्यावर टम्म फुगायचा लंगडा सात.
रविवारी तोच डबा सायकलला लावून
बाबा कुठेतरी जायचे.
‘काम आहे’, एवढंच.
येताना कधीकधी क्रीमरोल.

परवानगी घेऊन पुन्हा पाडलेला नंबर असतो
आणि न घेता पाडलेलाही असतो.
घाव तेवढाच लागतो.
टॉर्च कितीही तिरपा धरा.

‘फेंडरखाली अजून एकदा असतो नंबर,’ मी म्हणते,
‘कारखान्यातूनच झाकलेला येतो.
दिसत नाही, म्हणून कुणी हात लावत नाही.’
लतीफ पंचाला हात पुसतो. ‘उघडू?’

तिथेही चार एक सात निघाले
तर बाबांनी गंजाने खाल्लेलं परत लिहिलं.
दुसरं काही निघालं तर

फोन वाजतो. वाजू देते.

बोल्ट जाम आहे. त्याला इंची पाना लागतो,
लतीफच्या अब्बांचा एक आहे, मूठ झिजून गुळगुळीत.
‘डिझेल सोडून ठेवू. अर्धा तास मुरू दे.
आत्ता जोर केला तर मान तुटेल त्याची.’
पोराला चहा सांगून तो उंबऱ्यावर बसतो.

फॉर्मवर मी फक्त तारीख घातली आहे.
बोल्टाच्या कडेने डिझेल आत उतरतंय, अगदी सावकाश.
डबा अजून माळ्यावर आहे,
आई गेल्यापासून कुणी उघडला नाही.